विनयपिटकातील उदररोग आणि पथ्यविचार

महावग्गाचा सहावा खंधक ‘भेसज्जक्खन्धक’ या नावाने प्रसिद्ध आहे. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली १९५६ साली नालंदा येथून महावग्ग देवनागरी लिपीत प्रकाशित झाला, आणि तेव्हापासून हा खंधक मराठी अभ्यासकांच्या हाती सहज आला. तथापि त्याकडे बहुधा औषधींची यादी म्हणूनच पाहिले जाते. हळद, आले, वेखंड, हिरडा, बेहडा, आवळा, पिंपळी, मिरी, सैंधव अशी ओळखीची नावे आली की वाचक पाने उलटू लागतो. आमच्या मते या खंधकाचे खरे मोल त्या यादीत नाही. रोग्याचे पोट काय स्वीकारते आणि काय नाकारते हे पाहून नियम कसा बनला, तो कसा बदलला, याची नोंद तेथे आहे. आणि आज ज्याला आपण ‘अ‍ॅसिडिटी’, ‘पित्त’, ‘जठराची सूज’ म्हणतो त्या दुखण्यांच्या पथ्याचा विचार करताना ही नोंद उपयोगी पडते.

खंधकाचा आरंभच पोटापासून होतो. भगवान सावत्थीच्या जेतवनात विहार करीत असताना भिक्खूंना ‘सारदिक’ म्हणजे शरद ऋतूतील आजाराने ग्रासले. त्यांनी प्यालेली पेज उलटून पडे, खाल्लेले अन्नही उलटून पडे. ते कृश, निस्तेज, पांढुरके झाले. अंगावर शिरा दिसू लागल्या. अट्ठकथाकार बुद्धघोष ‘समन्तपासादिके’त या आजाराचा अर्थ पित्ताचा आजार असा करतात व त्याचे कारणही देतात: या काळात भिक्खू पावसात भिजतात, चिखल तुडवतात, मधूनमधून ऊनही कडक पडते, आणि त्यामुळे पित्त कोठ्यात शिरते. हा आजार म्हणजे आजचा आम्लपित्ताचा विकारच होय, असे आम्ही म्हणणार नाही. आम्लपित्त हा स्वतंत्र रोग म्हणून आयुर्वेदाच्या ग्रंथांतही उशिरा येतो. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत त्याला वेगळा अध्याय नाही, तो ‘माधवनिदाना’त आहे. तेव्हा पालि शब्दांवर आजच्या रोगांची नावे चिकटवण्याची घाई अभ्यासकाने करू नये. परंतु रोग पित्ताचा मानला गेला आणि त्याचे लक्षण अन्न उलटणे हे होते, एवढे निश्चित आहे.

यावर तथागतांनी तूप, लोणी, तेल, मध व फाणित (उसाच्या रसाची काकवी) या पाच वस्तू औषध म्हणून घेण्यास अनुमती दिली. अनुमती देण्यामागील विचार मोठा मार्मिक आहे. जे औषध आहे, जे लोकांत औषध म्हणून मान्य आहे, जे आहाराचे कामही करते, पण ज्याला कोणी भरभक्कम भोजन म्हणत नाही, असे काय आहे, असा तो प्रश्न होता. प्रथम या वस्तू भोजनाच्या वेळेतच, म्हणजे मध्यान्हापूर्वी, घ्यावयाच्या होत्या. मात्र ज्यांना साधे रूक्ष अन्नही मानवत नव्हते त्यांना जेवणाच्या वेळी हे स्निग्ध पदार्थ कसे मानवणार? भिक्खू अधिकच खंगले. ही गोष्ट कानी येताच भगवंतांनी नियम सुधारला आणि ही पाच औषधे वेळी तसेच अवेळी घेण्याची मोकळीक दिली. मध्यान्हानंतर न खाण्याचा नियम संघात किती काटेकोर होता हे आपण जाणतो. तोच नियम रुग्णाच्या पोटापुढे वाकवण्यात आला; रुग्णाला नियमापुढे वाकवले नाही.

असे का घडू शकले हे समजण्यासाठी रोगाच्या कारणांविषयीची तथागतांची भूमिका पाहावी लागते. संयुत्त निकायाच्या वेदना संयुत्तात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो की, माणूस जी सुखदुःखे भोगतो ती सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरे काय? भगवान हे मत अमान्य करतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा सन्निपात, ऋतूतील बदल, विषम वर्तन, बाहेरचा आघात अशी कारणे ते एकेक करून सांगतात. कर्मविपाक हे या आठांपैकी केवळ शेवटचे एक कारण. हे लोकही जाणतात आणि स्वतःच्या अनुभवानेही कळते, असेही ते म्हणतात. पुढे ‘मिलिन्दपञ्ह’ या ग्रंथात नागसेन याच सूत्राचा विस्तार करतात. पित्त तीन प्रकारे बिघडते असे ते सांगतात: थंडीने, उष्णतेने आणि विषम भोजनाने. वात बिघडण्याच्या दहा कारणांत भूक, तहान, अतिभोजन व अतिश्रम यांचा समावेश आहे. पोटात होणारी आग हे मागल्या जन्मीच्या पापाचे फळ मानणाऱ्याला पथ्याचे प्रयोजनच उरत नाही. ती विषम भोजनाची असू शकते असे मानणाऱ्यालाच काय खाल्ले, केव्हा खाल्ले, किती खाल्ले हा प्रश्न सुचतो.

विनयात हा प्रश्न प्रत्यक्ष विचारलेला आढळतो. चुल्लवग्गाच्या खुद्दकवत्थुक्खन्धकात आयुष्मान सारिपुत्त उदरवाताने आजारी आहेत. आयुष्मान महामोग्गल्लान त्यांना विचारतात की, पूर्वी तुम्हाला हा त्रास झाला तेव्हा कशाने बरे वाटत असे? सारिपुत्त उत्तर देतात, लसणीने. भेसज्जक्खन्धकात याच सारिपुत्तांच्या अंगाचा दाह होत असतो, तेव्हाही मोग्गल्लान तोच प्रश्न करतात आणि कमळाचे देठ व कंद आणून देतात. राजगृहात स्वतः भगवंतांना उदरवात झाला, तेव्हा पूर्वी तीळ, तांदूळ व मूग यांच्या पेजेने त्यांना आराम पडल्याचे आनंदांना आठवले. तीनही प्रसंगांत औषध वेगळे, परंतु चौकशीची रीत एकच: या माणसाला, या आजारात, यापूर्वी काय मानवले?

आनंदांची कथा येथे संपत नाही. त्यांनी तीळ, तांदूळ व मूग स्वतः मागून आणले, विहारात साठवले, आतच व स्वतःच्या हाताने शिजवले, आणि पेज भगवंतांपुढे ठेवली. भगवंतांनी ती स्वीकारली नाही. साठवणे, आत शिजवणे व स्वतः शिजवणे या तिन्ही गोष्टींबद्दल आनंदांना ठपका दिला. ज्यांनी इतरांच्या पोटासाठी नियम सैल केला, त्यांनी स्वतःच्या पोटासाठी तो सैल होऊ दिला नाही. (पुढे दुष्काळात या तिन्ही गोष्टींना काही काळ परवानगी मिळाली, पण तो प्रसंग निराळा.)

लसणीच्या प्रसंगाला आणखी एक बाजू आहे. संघात लसणीला बंदी होती, मात्र तिचे कारण काय होते? भगवान मोठ्या परिषदेत धम्म सांगत असताना लसूण खाल्लेला एक भिक्खू, आपल्या वासाचा इतरांना उपद्रव होऊ नये म्हणून, दूर जाऊन बसला. ज्याच्यामुळे असा धम्म ऐकण्यास अंतरावे लागते ते खावे काय, एवढाच तेथील युक्तिवाद आहे. भिक्खुणींच्या पाचित्तियांतही लसूणबंदी आहे, आणि तिच्या मुळाशी दात्याच्या शेतातील लसूण बेसुमार उपटून नेण्याचा प्रसंग आहे. दोन्ही ठिकाणी कारण व्यवहाराचे आहे, म्हणून आजारपणाचे कारण पुढे येताच सारिपुत्तांसाठी बंदी उठली. याउलट मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण व कांदा द्विजाला अभक्ष्य आहेत आणि ते जाणूनबुजून खाणारा द्विज पतित ठरतो. तेथे प्रश्न पोटाचा नसून वर्णाच्या शुद्धीचा आहे. या शुद्धीने आरोग्याचे काय होते याचे एक उदाहरण मध्य आशियातील कुचा येथे मिळालेल्या व १८९० मध्ये हॅमिल्टन बॉवर यांच्या हाती आलेल्या हस्तलिखितात सापडते. त्याच्या पहिल्या भागात लसणीचे गुण गायिले आहेत. ब्राह्मणाला लसणीचा गुण हवा असेल तर गाईला तीन दिवस जवळजवळ उपाशी ठेवावे, मग गवतात लसणीची पात मिसळून घालावी आणि तिचे दूध, दही, तूप ब्राह्मणाने घ्यावे, अशी युक्ती तेथे सुचवली आहे. सारिपुत्तांना अशी गाय लागली नाही.

आता ज्या प्रसंगाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही तो पाहू. त्याच खुद्दकवत्थुक्खन्धकात एक ‘रोमन्थक’ भिक्खू येतो. तो खाल्लेले अन्न पुन्हा तोंडात आणून रवंथ करी व गिळी. इतर भिक्खू कुरकुरू लागले की, हा अवेळी खातो. भगवंतांनी निर्णय दिला तो असा: रोमन्थकाला रवंथ करण्यास मोकळीक आहे, मात्र तोंडाबाहेर काढलेले अन्न त्याने पुन्हा गिळू नये. हा भिक्खू नुकताच गाईच्या योनीतून आला आहे, असे स्पष्टीकरण मूळ ग्रंथात जोडलेले आहे. ते आपण त्या काळच्या लोकसमजुतीच्या सदरात टाकावे असे आम्हाला वाटते, कारण निर्णयाला त्याची गरज नाही. गिळलेले अन्न आपोआप घशाकडे परत येणे हा शरीराचा धर्म आहे, आपत्ती नव्हे, हे त्या निर्णयाचे सार आहे. रवंथ करण्याचा हा विकार आणि आम्ल वर येण्याचा विकार आजचे वैद्यक वेगळे मानते, तरी दोहोंत पोटातील द्रव्य उलट्या दिशेने वर येते. ज्याच्या घशाशी रात्री आंबट पाणी येते त्याला चारचौघांत वाटणारा संकोच त्या भिक्खूलाही वाटला असेल. संघाने त्याला दोषी ठरवू पाहिले. विनयाने त्याला रुग्ण मानले.

औषधाइतकेच विनय अन्नाच्या प्रमाणाविषयी व वेळेविषयी बोलते. अंधकविंद येथील ब्राह्मणाची कथा प्रसिद्ध आहे. संघाला भोजन देण्याची पाळी यावी म्हणून तो दोन महिने मागोमाग फिरत होता. अखेर त्याने भोजनशाळेत डोकावून पाहिले की तेथे कोणती वस्तू नाही. पेज आणि मधाचे लाडू नव्हते. त्याने तेच केले. त्या वेळी भगवंतांनी पेजेचे दहा गुण सांगितले. त्यांपैकी शेवटचे पाच सरळ पोटाशी संबंधित आहेत: भूक भागते, तहान शमते, वायू खाली सरतो, बस्ती शुद्ध होते, न पचलेले उरलेसुरले पचते. आमच्या कोकणातील आणि पूर्व विदर्भातील घरांत आजाऱ्यापुढे पेज ठेवतात, ती याच ‘यागू’च्या कुळातील आहे.

लगेच पुढचा प्रसंग त्याची दुसरी बाजू दाखवतो. पेजेला परवानगी मिळताच लोक सकाळी दाट पेज व मधाचे लाडू देऊ लागले. नव्याने श्रद्धावान झालेल्या एका महामात्याने साडेबाराशे भिक्खूंसाठी साडेबाराशे थाळ्यांत मांस वाढायची सिद्धता केली, आणि भिक्खू म्हणू लागले, थोडेच वाढा. महामात्य रागावला. यावरून, एकाचे निमंत्रण असताना दुसऱ्याची दाट पेज खाऊ नये असा नियम झाला. वेसालीत तर लोकांनी उत्तमोत्तम भोजनांची रांगच लावली आणि भिक्खू जडदेही व रोगी झाले. काही कामासाठी तेथे आलेल्या जीवकाने ते पाहिले व भगवंतांना चंक्रमण आणि जन्ताघर (अग्नीने तापवलेले स्नानगृह) यांची अनुमती देण्यास सुचवले. विहारांतील चंक्रमणाच्या वाटा आपण ध्यानाशी जोडतो. चुल्लवग्गाप्रमाणे त्यांच्या मुळाशी वैद्याचा सल्ला आहे.

राजा पसेनदीची कथा गृहस्थांनी विशेष वाचावी. द्रोणभर तांदळाचा भात जेवून तो धापा टाकीत भगवंतांकडे आला. जो प्रमाण जाणून जेवतो त्याच्या वेदना कमी होतात, अन्न सावकाश पचते व आयुष्य राखले जाते, या आशयाची गाथा भगवंतांनी म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली, जेवताना म्हणायला सांगितली आणि त्यासाठी रोज शंभर कार्षापण ठरवले. राजा क्रमाक्रमाने नाळीभर भातावर आला; द्रोणाच्या मानाने नाळी हे फार लहान माप. येथे एकदम उपवास नाही. आहार हळूहळू उतरवण्याची ही रीत कोणत्याही आहारतज्ज्ञाला पटेल.

अंगुत्तर निकायात आयुष्य वाढवणाऱ्या पाच गोष्टी येतात, त्यांत ‘परिणतभोजी’ असा शब्द आहे: आधीचे पचल्यावर जेवणारा. ‘सप्पाय’ म्हणजे मानवणारे. आणि मानवणाऱ्यातही मात्रा जाणावी, असे तेथे म्हटले आहे. हे दुसरे कलम फार महत्त्वाचे, कारण मानवणारी वस्तूही अति झाली की मानवत नाही. मज्झिम निकायाच्या भद्दालि सुत्तात भगवान एका बैठकीत भोजन करण्याचे आरोग्यलाभ सांगतात, पण भद्दालीला ते झेपत नाही असे दिसताच, थोडे तेथे खा आणि थोडे नेऊन नंतर खा, असा पर्यायही देतात. ज्यांना एका वेळी पोटभर जेवल्याने जळजळ होते त्यांनी हा पर्याय जरूर ध्यानात घ्यावा.

ही परंपरा ग्रंथातच राहिली नाही. चिनी भिक्खू इत्सिंग याने ६७१ ते ६९५ या काळात प्रवास केला व नालंदेत दीर्घकाळ अध्ययन केले. आपल्या वृत्तान्तात तो सांगतो की, भारतात आजार दिसताच प्रथम अन्न थांबवतात. लाट देशात ही लंघने पंधरा दिवसही चालतात, मध्यदेशात मात्र आठवड्यापलीकडे जात नाहीत. प्रदेशागणिक प्रमाण बदलते हे त्याने टिपले. आज इतकी लंघने कोणी करू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

आजच्या वैद्यकाच्या प्रकाशात या सामग्रीचे काय करावे? अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावरील स्नायूंची पकड सैल झाली किंवा पोटावर दाब वाढला की आम्ल वर येते. म्हणून वजन उतरवणे, एका वेळी कमी जेवणे, रात्रीचे जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे, उशाकडची बाजू उंच करणे, तंबाखू व मद्य सोडणे या गोष्टी सांगितल्या जातात. तेलकट, तिखट, चहा, कॉफी यांपैकी ज्याला जे बाधते ते त्याने टाळावे; सर्वांना एकच यादी लागू नाही. हीच मोग्गल्लानांची रीत. परंतु जठराची सूज हा नेहमीच जेवणाचा दोष नसतो. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा जठराच्या सुजेशी व व्रणाशी असलेला संबंध दाखवून दिला. त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू बहुधा बालपणीच, दाटीवाटीच्या घरांत व अस्वच्छ पाण्याच्या परिसरात शिरतो. तो पेजेने जात नाही. त्याला प्रतिजैविकेच लागतात. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही जठर सुजते. झोपडपट्टीत वाढलेल्या कष्टकऱ्याला ‘तुझे खाणेच चुकते’ एवढेच सांगणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

विनयातील पाककृती जशाच्या तशा उचलू नयेत, हेही स्पष्ट केले पाहिजे. उदरवातासाठी अनुमत झालेले ‘लोणसोवीरक’ हे खारट-आंबट पेय होते. आम्लाच्या रोग्याची जळजळ त्याने वाढू शकेल, आणि लसणीनेही तसेच होऊ शकेल. ‘दुट्ठगहणिक’ भिक्खूला ‘आमिसखार’ पाजण्यास सांगितले आहे. वाळलेला भात जाळून त्याच्या राखेतून गाळलेले ते क्षारयुक्त पाणी, अशी टीका आहे. क्षार म्हटला की आजची आम्लनाशक औषधे आठवतात, पण टीकाकार त्या भिक्खूची तक्रार मलावरोधाची सांगतात. हे साम्य केवळ वरवरचे आहे.

वर्षावासात पौर्णिमेला अष्टशील घेणाऱ्या उपासक-उपासिकांत पित्ताचे रोगी पुष्कळ असतात. दुपारनंतर पोट रिकामे राहिले की त्यांची आग सुरू होते, आणि शील मोडेल या भयाने ते काहीच घेत नाहीत, प्रसंगी वैद्यांनी दिलेली गोळीही टाळतात. त्यांनी महावग्गाकडे पाहावे. भिक्खूंनाही आजारात तूप, लोणी, तेल, मध, काकवी अवेळी चालते. हळद, आले, मीठ ही कारण असल्यास केव्हाही व आयुष्यभर चालतात. केणिय जटिलाच्या प्रसंगी अनुमत झालेली आठ पेये, त्यांत आंबा, जांभूळ, केळे, द्राक्षे यांचे रस, दुपारनंतरही घेता येतात. ज्याला व्रण आहे किंवा ज्याची औषधे जेवणाशी बांधलेली आहेत त्याने वैद्यांना विचारूनच हे शील घ्यावे, आणि त्यांनी नको म्हटल्यास पंचशीलावर समाधान मानावे. काळा मल, रक्ताची उलटी, घास अडकणे, कारणाशिवाय वजन उतरणे यांपैकी काही दिसल्यास पथ्य करीत बसू नये, तात्काळ रुग्णालय गाठावे. छातीत जळजळ व दडपण यांतील भेद घरी ठरवू नये. तो हृदयाचाही विकार असू शकतो.

चीवरक्खन्धकात पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवान व आनंद यांनी पाणी घालून धुतले, उचलून मंचावर निजवले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या पाठोपाठ कोणता रोगी सेवेस कठीण व कोण सोपा, याची पाच-पाच लक्षणे येतात. त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. सोपा रोगी मानवणारे तेवढे करतो, मानवणाऱ्यातही मात्रा जाणतो, औषध घेतो, वेदना सहन करतो, आणि सेवा करणाऱ्याला आपला आजार जसा आहे तसा सांगतो: वाढला असेल तर वाढला, उतरला असेल तर उतरला, तसाच असेल तर तसाच. सेवकाने पथ्य जाणावे, अपथ्य समोरून दूर करावे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, आणि मल, मूत्र, थुंकी व उलटी काढताना त्याला किळस वाटू नये.